रोसुव्हास्टॅटिनचे दहा महिने : वहीतल्या आकड्यांसह

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल लिहिणं अवघड जातं, कारण ती घेतल्यावर काहीच जाणवत नाही. डोकेदुखीची गोळी तासाभरात आपलं काम दाखवते. ही दाखवत नाही. गोळीने काय केलं ते कळायचा रक्ततपासणी हा एकच मार्ग. म्हणून पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली. तारीख, गोळीची ताकद, रिपोर्टचे आकडे आणि त्या आठवड्यात अंगात काय दुखलं-खुपलं, एवढंच तिच्यात असतं. खालचं सगळं त्या वहीतून घेतलं आहे.

माझं वय 48. रक्तदाब ठीक, मधुमेह नाही, थायरॉइड नॉर्मल (कमी काम करणाऱ्या थायरॉइडनेही कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून डॉक्टरांनी ते आधी तपासून घेतलं). पण माझ्या वडिलांना 51 व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. त्यामुळे माझं एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 192 आलं, तेव्हा ‘बघू पुढे’ म्हणून सोडून देणं मला जमलंच नसतं. डॉक्टरांनी लक्ष्य ठरवून दिलं, 100 च्या खाली.

पहिले तीन महिने गोळी नव्हती, फक्त खाणं आणि चालणं. तेव्हाच मला कळलं की मी आजवर चुकीच्या गोष्टीला घाबरत होते. अंड्यातल्या बलकाची धास्ती घेतली होती आणि बिस्किटांकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. एका संध्याकाळी कपाटातली सगळी पाकिटं ओट्यावर मांडली आणि मागची बारीक छपाई वाचत बसले. बहुतेकांवर पाम तेल होतं. या तेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, आणि खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ही संपृक्त चरबीच रक्तातलं एलडीएल जास्त वाढवते. ती पाकिटं गेली, लोणी आणि साय कमी झाली, डाळी आणि ओट्स वाढले, रोज भरभर चालणं सुरू झालं. तीन महिन्यांनी एलडीएल 171. मेहनतीच्या मानाने उतार थोडा वाटला आणि मी हिरमुसले. डॉक्टरांनी समजावलं की रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच तयार करतं. घराण्यातूनच ते जास्त येत असेल, तर ताटातून कमी करण्याला मर्यादा पडते.

त्या रिपोर्टचं गणितही मी तेव्हाच समजून घेतलं. एकूण कोलेस्टेरॉल 251, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 44, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) 180. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागायचं, येतात 36. मग 251 मधून 44 आणि 36 वजा केले की उरतात 171. अनेक प्रयोगशाळा एलडीएल थेट न मोजता असंच काढतात. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर मात्र हे सूत्र चालत नाही, तेव्हा थेट मोजणी मागून घ्यावी.

मग रोसुव्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम सुरू झाली. रोज एक. ही गोळी शरीरात बराच काळ टिकते, त्यामुळे सकाळ-रात्र कोणतीही वेळ चालते. रात्रीच घ्यायची हा नियम सिम्व्हास्टॅटिनसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळ्यांसाठी आहे. मी सकाळी दात घासल्यावर घेते, कारण ती वेळ चुकत नाही. ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं पातळ औषध घेणाऱ्यांनी मात्र दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

गोळी काम कसं करते हे कळल्यापासून माझा तिच्यावरचा विश्वास वाढला. यकृत एका एन्झाइमच्या मदतीने कोलेस्टेरॉल बनवतं, आणि स्टॅटिन (माझी रोसुव्हास्टॅटिन याच गटातली) त्या एन्झाइमला अडवते. घरचा पुरवठा आटला की यकृत आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे जास्त रिसेप्टर उगवतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. पहिली स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात एका बुरशीतून वेगळी केली. ‘हे सगळं रासायनिक आहे’ म्हणून जे नाक मुरडतात, त्यांना मी आवर्जून हे सांगते. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलमध्ये जो मोनॅकोलिन के असतो, तो म्हणजे लोव्हास्टॅटिन नावाची स्टॅटिनच. फक्त किती आहे याचा भरवसा नाही. त्या वाटेला जाऊ नका.

आठ आठवड्यांनी एलडीएल 96. रिपोर्ट हातात धरून मी खुर्चीत बसून राहिले. वडिलांच्या वेळी हे आकडे कुणी पाहिलेच नव्हते, तेच मनात येत होतं.

गोळीच्या चौथ्या महिन्यात पोटऱ्या दुखायला लागल्या. सकाळी उठल्यावर दोन्ही पोटऱ्या ताठ, जिना उतरताना ओढ बसायची. स्टॅटिनने स्नायू दुखतात हे इतकं वाचलेलं होतं, की दुसरं काही कारण असेल असं मनातही आलं नाही. त्या आठवड्यात वहीत रोज एकच शब्द आहे, ‘पोटऱ्या’. मी आपणहून गोळी बंद केली नाही, एवढं मात्र बरं केलं. डॉक्टरांनी सीके तपासायला सांगितलं. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं हे एन्झाइम. ते नॉर्मल निघालं. मग त्यांच्या सल्ल्याने गोळी सहा आठवडे थांबवली.

पहिल्या आठवड्यात दुखणं निम्म्यावर आलं. म्हणजे गोळीच दोषी, असं मी मनाशी पक्कं केलं. पण तिसऱ्या आठवड्यात, अंगात गोळी नसताना, पोटऱ्या पुन्हा तशाच! फिजिओथेरपिस्टने पाय तपासले तर पोटरीचे स्नायू आखडलेले. भरभर चालायचं वेड लागल्यापासून मी चढावर रोज चालत होते आणि ताण देण्याचे व्यायाम एकही करत नव्हते. भिंतीला हात टेकून टाच जमिनीवर दाबण्याचा साधा व्यायाम दिला, दिवसातून तीनदा. पंधरा दिवसांत फरक पडला.

मग गोळी थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात बरं का वाटलं? याचं उत्तर मला 2020 च्या ‘सॅमसन’ या अभ्यासात सापडलं. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना त्यात काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली ‘पोकळ’ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास, त्याच्या 90 टक्के त्रास पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला. याचा अर्थ दुखणं खोटं असतं असा नाही. माझ्या पोटऱ्या खरंच दुखत होत्या. पण कारण मी आधीच ठरवून टाकलं होतं. स्टॅटिनने स्नायूंना खरा त्रास होणारी माणसंही आहेत. तीव्र दुखणं, अशक्तपणा आणि गडद रंगाची लघवी दिसली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जावं, तिथे वही-बिही बघत बसू नये.

त्या सहा आठवड्यांनी एलडीएल किती झालं? 168. जिथून निघालो होतो, जवळजवळ तिथेच. ‘आता नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला’ असं मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी वहीचं हे पान दाखवते. नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच.

पुन्हा सुरुवात 5 मिलिग्रॅमने केली. डोस निम्मा म्हणजे परिणाम निम्मा, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल साधारण आणखी 6 टक्केच उतरतं, म्हणून निम्मा केल्यावरही फारसं बिघडत नाही. आठ आठवड्यांनी 106. लक्ष्यापासून जरासं दूर.

तेवढ्यासाठी डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी इसबगोल सुचवलं. दिवसाला साधारण 10 ग्रॅम, दोन वेळांत विभागून. ग्लासभर पाण्यात घालून ढवळलं की लगेच प्यायचं. मी एकदा फोन घ्यायला वळले आणि परत येईपर्यंत ग्लासात चमचा उभा राहील असा लगदा झाला होता. वरून आणखी पाणी प्यायलंच पाहिजे, नाहीतर घशात अडकण्याची भीती असते. गोळी आणि इसबगोल यांतही अंतर हवं. पहिला आठवडा पोट फुगलं, मग सवय झाली. आताचा रिपोर्ट 99.

खटकणारी गोष्टही सांगते. एचबीए1सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) 5.6 वरून 5.7 झालं. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते हे माहीत आहे, आणि इतका फरक तपासणीतल्या चढउताराचाही असू शकतो. पण 5.7 पासून मधुमेहपूर्व पातळी धरतात, म्हणून आता दर सहा महिन्यांनी ते बघणार आहे. यकृताची तपासणी दोन्ही वेळा नॉर्मल. झोप, स्मरणशक्ती, केस यांवर काहीही परिणाम दिसला नाही. स्नायूदुखीवर को-एन्झाइम क्यू10 नावाचं पूरक घ्या असं तिघांनी सांगितलं; त्याचा ठाम पुरावा मला दिसला नाही, म्हणून घेतलं नाही. ज्यांना दिवस राहण्याची शक्यता आहे, त्यांनी ही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून घ्यावं.

माझे आकडे बघून मी धाकट्या भावाच्या मागे लागले. तो 41 वर्षांचा, सडपातळ, रोज धावणारा. ‘मला कसलं कोलेस्टेरॉल’ म्हणत त्याने दोन महिने टाळलं. गेल्या आठवड्यात त्याचा रिपोर्ट आला, एलडीएल 178. काल तो घरी आला होता. वही मागून घेतली आणि पहिल्या पानाचे रकाने स्वतःच्या कोऱ्या वहीत उतरवून घेऊन गेला.