जुनी लुगडी आणि पायाचं मशीन: दिवाळी ते आषाढ, वापरानंतरचा अनुभव

ज्यांच्या घरी ट्रंकेत किंवा माळ्यावर आजीची लुगडी, आईच्या सुती साड्या, खणाचे तुकडे पडून आहेत आणि ज्यांना त्यांतून स्वतःच्या हातानं काही शिवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गेल्या दिवाळीत मी एक जुनं, काळं, पायानं चालवायचं शिलाई मशीन घेतलं. आता आषाढ लागलाय. मधल्या काळात त्यावर दुपटी, पिशव्या, अभ्रे, पडदे शिवले, ते घरात वापरले, धुतले, पुन्हा वापरले. मत आधीच सांगून टाकते: जुन्या कापडासाठी मला याहून चांगलं मशीन मिळालं नसतं. पण मशीन निवडण्यापेक्षा कापड ओळखण्यात जास्त वेळ घाला. काय टिकलं आणि काय फाटलं, याचं कारण जवळजवळ दर वेळी कापडातच सापडलं.

मशीनबद्दल आधी. लोखंडी स्टँडसकट साडेचार हजारांना, मशीन दुरुस्त करून विकणाऱ्या एका काकांकडून घेतलं. आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती मशीनं सिंगरच्या १५ क्रमांकाच्या जुन्या रचनेवर बेतलेली आहेत. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं १९३० च्या दशकात उषा मशीन बनवायला सुरुवात केली आणि मग ही रचना घरोघरी पोचली. त्याचा फायदा आज आपल्याला होतो. सुया, बॉबिन, बॉबिन केस, चामड्याचा पट्टा, टेन्शनची (दोऱ्याचा ताण धरणारी) स्प्रिंग, सगळं कुठल्याही गावच्या मशीनच्या दुकानात मिळतं आणि स्वस्त मिळतं. माझ्या मशीनचा पट्टा उन्हाळ्यात सैल झाला होता, तो थोडा कापून, क्लिप पुन्हा लावून दहा मिनिटांत काम झालं.

पायाच्या मशीनचा खरा गुण आहे त्याचा वेग. म्हणजे त्याचा संथपणा. विरत आलेल्या साडीवर टीप मारताना एक टाका घालून थांबता यावं लागतं, सुई कापडात रुतलेली ठेवून कापड वळवता यावं लागतं. पायानं ते जमतं, आणि शेवटचे दोन-तीन टाके चाक हातानं फिरवून घालता येतात. बहिणीचं मोटारीचं मशीन मी मधे काही दिवस वापरून पाहिलं. नव्या कापडावर ते छान पळतं, पण जुन्या मऊ सुतावर पाय जरा जास्त दाबला गेला की कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखाली ते ओढलं जाऊन गोळा होतं. पूर्वी मशीन चालवलं नसेल तर पहिले काही दिवस दोरा न ओवता नुसता पाय मारायची सवय करा. चाक कायम आपल्या दिशेनं फिरलं पाहिजे. उलटं गेलं की दोरा तुटतो किंवा खाली गुंतवळ होते.

उणिवाही सांगते. उलटी टीप मारायची सोय माझ्या मशीनला नाही, त्यामुळे शिवणीच्या टोकाला दोरे हातानं गाठ मारून बंद करावे लागतात. झिगझॅग म्हणजे नागमोडी टीप नाही, म्हणून कडा सुटू नयेत यासाठी दुहेरी शिवण घालते: आधी सुलट्या बाजूला बारीक टीप, मग कापड उलटवून कडा आत घेऊन दुसरी टीप. जुन्या साडीला हीच शिवण शोभते आणि ती उसवत नाही. वेळ मात्र दुप्पट लागतो. मशीन जड आहे, एकदा ठेवलं की तिथेच राहतं, आणि रात्री खालच्या मजल्यावर आवाज जातो. जागा नसेल तर हाताच्या दांड्याचं मशीन बघा. पण त्यात एक हात चाकावर अडकतो, आणि जुनं कापड सांभाळायला दोन्ही हात मोकळे हवेत असं माझं ठाम मत आहे.

आता कापड. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी चक्कर मारते. तिथे पितळी बटणं, लाकडी रिळं, जुन्या कात्र्या मिळतात, कापड त्या मानानं कमी. कापड खरं मिळतं ते नातेवाइकांच्या घरी आणि बोहारणीकडे. भांडी देऊन कपडे नेणाऱ्या बाईला कापडाची जी पारख असते ती भल्याभल्या दुकानदाराला नसते. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवलं आहे की सुती साडी आली तर आधी मला दाखवा. एकदा मी एका सुंदर जांभळ्या साडीवर हात ठेवला, तर त्याच म्हणाल्या, "वहिनी, ही नका घेऊ, घडीत विरलीये." उघडून उजेडासमोर धरली तर प्रत्येक घडीवर जाळी दिसत होती.

तेव्हापासून मी कुठलंही जुनं कापड एका ठरलेल्या क्रमानं बघते. पूर्ण उघडून खिडकीसमोर धरते. घडीच्या रेषा, पातळ झालेल्या जागा, कसरीनं पाडलेली भोकं लगेच कळतात. मग दोन्ही हातांचे अंगठे जवळजवळ ठेवून कापड आधी उभं, नंतर आडवं ताणते. धागे सरकले किंवा करकर आवाज आला तर त्या भागावर मशीन चालवायचं नाही. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का बघते, लाल आणि निळ्यावर जास्त लक्ष ठेवते. पोताची शंका असेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळते. सूत कागदासारखं जळून मऊ राखाडी राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी गुठळी बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. हे बघावं लागतं, कारण आईच्या पिढीच्या कपाटात सुती दिसणाऱ्या कितीतरी साड्या मिश्र धाग्याच्या आहेत, आणि गरम इस्त्री ठेवल्यावर ते कळून काही उपयोग नसतो.

नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, पण ते सगळं सारखं झिजत नाही. कासोट्याचा आणि बसायचा भाग आधी जातो. पूर्वीच्या बायका काय करायच्या, तर मधला विरलेला भाग कापून काढायचा, बाजूचे चांगले भाग एकमेकांना जोडायचे आणि तेच लुगडं पुन्हा नेसायचं. याला दांड घालणं म्हणतात. आत्याच्या ट्रंकेतल्या एका लुगड्याला असा दांड आहे. हातशिलाईचा, इतका बारीक की बोट फिरवल्याशिवाय जाणवत नाही. ते लुगडं मी कापलेलं नाही आणि कापणार नाही. पण माझी सगळी आखणी त्यावरून सुरू झाली: आधी विरलेला भाग खडूनं खूण करून बाजूला काढायचा, आणि उरलेल्याचे तीन वाटे करायचे. ओझं पेलू शकेल असं, नुसतं धुणं सोसेल असं आणि फक्त बघायचं.

ओझं पेलणाऱ्यात पहिला मान काठाचा. इरकल साडीचं अंग सुती असतं आणि काठ बहुधा रेशमाचा किंवा नकली रेशमाचा, घट्ट विणलेला. अंग विरून गेलं तरी काठ शाबूत असतो. त्या काठांचे पिशवीचे बंद करा, दुपट्याला गोट लावा. माझी भाजीची पिशवी अंगाच्या बाजूनं इरकलीची, आतून मांजरपाटाची (साध्या कोऱ्या सुती कापडाची) आणि बंद काठाचे. दर आठवड्याला बटाटे-कांदे भरून आणते, बंदाच्या जोडाला अजून ताण दिसत नाही. पदर जिथे जोडलेला असतो तिथे मात्र कात्री लावू नका. इरकलीत अंगाचे आणि पदराचे ताणे, म्हणजे उभे धागे, फासे करून एकमेकांत अडकवलेले असतात. तो जोड तसाच ठेवून पिशवीच्या मधोमध आणला की दिसतोही सुरेख.

मांजरपाट हा या सगळ्या कामाचा पाठीराखा आहे. जुन्या कापडाला मागून आधार द्यायचा तर त्याच्याइतकं प्रामाणिक कापड नाही. पण तो खळ धुऊन, गरम पाण्यातून काढून, वाळवून मगच वापरा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि वरची साडी सुरकुतते. दोन्ही थर एकमेकांवर अंथरून चारही बाजूंनी आणि मधेही कच्चा टाका घालायचा, तेव्हाच मशीनखाली सरकवायचं.

आता सुई, दोरा आणि टाक्याबद्दल. मऊ सुती साडीला ११ नंबरची सुई, खणाला किंवा दोन थरांना १४, चार-पाच थर आणि काठाच्या जोडाला १६. बोथट सुई जुन्या कापडाचे धागे तोडते, म्हणून ती स्वस्त आहे तोवर सढळ हातानं बदला. दोरा सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हे खरं, पण जुन्या कापडापेक्षा दोरा मजबूत असला की ताण आल्यावर शिवण राहते आणि शिवणीलगत कापड फाटतं. सुती दोरा आधी तुटतो, आणि तुटलेली टीप पुन्हा मारता येते. टाकाही बारीक नको. इंचाला आठ ते दहा टाके पुरतात. त्याहून दाट टीप म्हणजे कापडावर ओळीनं पाडलेली भोकं.

दुपटी सर्वांत यशस्वी झाली. भाचीच्या बाळासाठी धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांची केली, मशीननं फक्त कडा आणि चौकटी, बाकी हातानं धावदोरा. ती जवळजवळ रोज धुतली जातात. उन्हाळ्यात एकाची कड सुटायला लागली, तिथे काठाचा गोट लावला. बाकी ठणठणीत. जुन्या सुताचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही, आणि बाळाच्या अंगाला टोचेल असं त्यात काही उरलेलंच नसतं. जुन्या धोतरांचे पडदेही चांगले चाललेत, उजेड गाळून आत येतो.

रेशमाचा अनुभव वेगळा आहे. एका जुन्या रेशमी साडीच्या सुस्थितीतल्या भागाचे अभ्रे खिडकीजवळच्या कोचावर होते. चैत्र-वैशाखात ते आडव्या रेषांत चिरले, शिवणीजवळ नाही, मधेच. रेशमाला ऊन सोसत नाही, आणि ओलं झालं की ते आणखी अशक्त होतं. आता रेशीम मी ताण नसलेल्या कामातच वापरते. अस्तर लावलेले बटवे, तोरणं, आरशाभोवतीची पट्टी. जर असेल तर तिच्यावर थेट इस्त्री फिरवू नका, वर सुती फडकं ठेवा. खरी जर म्हणजे चांदीची तार, ती हवेतल्या गंधकानं काळवंडते. अत्तर, रबरबँड तिच्यापासून लांब ठेवा.

आणि एक विनंती. चांगल्या स्थितीतली पैठणी, हातमागाची अख्खी इरकल, असं काही हाती लागलं तर कापू नका. जुनी जर विकत घेणारे चांदीसाठी साडी जाळतात, त्यांनाही देऊ नका. नेसणारं कुणी शोधा. गुळेदगुड्डच्या जुन्या खणाच्या तुकड्यांचंही तेच. अखंड चोळीचा खण असेल तर त्याची चोळीच शिवा, कुशनला बाजारात खणाचं नवं कापड भरपूर मिळतं. आपल्या कामासाठी विरलेलं, डागाळलेलं, अर्धवट फाटलेलं इतकं आहे की त्यालाच आयुष्य पुरणार नाही.

धुणं थोडक्यात: थंड पाणी, रिठ्याचा फेस, पिळायचं नाही, सावलीत आडवं पसरून वाळवायचं. भिजलेली नऊवारी दोरीवर लटकवली तर स्वतःच्याच वजनानं घडीवर फाटते.

पावसाळ्यात मशीनची काळजी वाढते. दर काही दिवसांनी मशीनचं तेल घालून, फडक्यावर थोडं चालवून जास्तीचं तेल काढून टाकते, नाहीतर साडीवर डाग पडतो. दातांखाली जुन्या सुताचा फार कोंडा साचतो, नव्या कापडापेक्षा कितीतरी जास्त. तो ब्रशनं काढला नाही तर टाका सुटायला लागतो आणि आपण उगाच टेन्शन फिरवत बसतो. जुनं मशीन घ्यायला जाल तेव्हा आपलं विरलेलं कापड सोबत न्या. दुकानदार जाड कापडावर टीप मारून दाखवतात. तुम्ही पातळ कापडावर मारा, आणि टाका वरून आणि खालून सारखा दिसतो का ते बघा. पायटा डुगडुगत असेल, चाक फिरवताना कुठे अडकत असेल, तर पुढचं बघा. अशी मशीनं पुष्कळ आहेत, घाई करू नका.

ज्यांना आठवड्याला दोन ड्रेस शिवायचेत, त्यांनी मोटारीचं नवं मशीन घ्यावं, पायाच्या मशीनमध्ये त्यांचा जीव रमणार नाही.

सध्या वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, सुरू आहे. एवढे थर मशीनखाली जात नाहीत, म्हणून वरची ठिगळं तेवढी मशीनवर जोडली आणि आता काठाकडून आत फेर धरत धावदोरा चाललाय. सात थर हवेत असं आत्याचं म्हणणं आहे, पाच झालेत. उरलेल्या दोन सुती साड्या मामी गौरीला येताना आणणार आहेत. त्यांना मी फोनवर सांगितलंय की आधी उजेडासमोर धरून बघा.