डॅफ घ्यावं की करंटची टाकी? खारपाणपट्ट्यातल्या एका तेलगिरणीवरून

सरकीच्या तेलाची छोटी रिफायनरी टाकताना एक्स्पेलरवर, म्हणजे तेल पिळायच्या मशीनवर, आम्ही सहा महिने घासाघीस केली. सांडपाण्याच्या टाकीचा निर्णय मात्र चहा संपेपर्यंत झाला होता. घेतलं होतं डॅफ, आणि तो निर्णय दोन वर्षांत बदलावा लागला. आता तालुक्यात कुणी नवीन गिरणी काढली की फोन येतो, ‘भाऊ, डॅफ घेऊ की करंटवालं?’ दोन्ही सांडपाण्यातलं तेल बुडबुड्यांनी वर काढणाऱ्या टाक्याच, डॅफ (डिझॉल्व्ह्ड एअर फ्लोटेशन) पाण्यात विरघळवलेल्या हवेवर चालतं, करंटवाली विजेवर. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

गिरणी दर्यापूरकडे, ऐन खारपाणपट्ट्यात, जिथं बोअरचं पाणी खारट. तेल धुतलेलं, पिंपं धुतलेलं, फरशी धुतलेलं असं सगळं पाणी एकत्र येतं. ते दुधासारखं पांढुरकं असतं, कारण तेलाचे कण इतके बारीक झालेले असतात की रात्रभर ठेवलं तरी वर येत नाहीत. तेल शुद्ध करताना पाण्यात उतरलेला साबण अ‍ॅसिडनं फोडायचा, तुरटी द्यायची आणि बारीक बुडबुड्यांनी गाळ वर उचलायचा, इथवर दोन्हीकडे सारखंच. बुडबुडे कुठून आणायचे एवढाच वाद. डॅफ चार-पाच बार दाबाखाली पाण्यात हवा विरघळवतं आणि दाब सोडून बुडबुडे काढतं. करंटच्या टाकीत तळाशी पत्रे असतात, पाणी फुटून एका पत्र्यावर हायड्रोजन सुटतो, दुसऱ्यावर ऑक्सिजन. कल्पना नवी नाही. एलमोर नावाच्या माणसानं १९०४ सालीच ती खनिजासाठी मांडली होती.

आधी करंटची टाकी विकणाऱ्यांच्या एका वाक्याबद्दल. ‘विजेचं क्षेत्र बुडबुड्याला ओढतं, म्हणून तेल लवकर निघतं.’ ऐकायला छान आहे. पाण्यातला बुडबुडा ऋणभारित असतो, म्हणजे विजेच्या क्षेत्रात तो सरकतो हे खरंच. पण किती? माझ्या पत्र्यांमध्ये दोन सेंटिमीटर अंतर आणि पाच व्होल्ट. नेहमीचा भार धरून हिशेब केला तर बुडबुडा सेकंदाला चार-पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो. तोच पंचवीस मायक्रॉनचा बुडबुडा नुसत्या हलकेपणानं सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास मायक्रॉन वर चढतो. शिवाय पत्र्यांच्या वरच्या तीन-चार फूट पाण्यात क्षेत्र जवळपास नसतंच. म्हणजे करंटचं खरं काम बुडबुडा जन्मताना होतं. किती बुडबुडे, केवढे, पत्र्यावरून कधी सुटणार, हे तिथं ठरतं. पुढचा प्रवास त्याचा त्यानं करायचा. आणि तेलाचा कणही ऋणच असतो, दोघं एकमेकांना दूर सारतात. ते भांडण तुरटी मिटवते, वीज नाही. करंट आहे म्हणून तुरटी वाचेल या आशेवर कुणी राहू नये.

बारीक बुडबुड्यांचं कौतुकही जरा बेतानं करावं. पन्नास मायक्रॉनचा बुडबुडा निम्म्यावर आणला तर चढायला चौपट वेळ घेतो. टाकी तेवढी संथ ठेवता येत असेल तरच त्याचा उपयोग.

आता डॅफ. वाईट मशीन अजिबात नाही. पाणी भरपूर असेल, दिवसभर एकसारखं येत असेल, तर मीही तेच घेईन. माझ्या पाण्याला दोन अडचणी होत्या. एक, पाणी गरम. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी असंही चाळिशीला टेकतं, त्यात तेल धुतलेलं ऊन पाणी. वीस अंशांच्या मानानं चाळीस अंशांच्या पाण्यात हवा पाव भाग तरी कमी विरघळते, म्हणजे त्याच दाबाला बुडबुडे विरळ. हे मी सोसलं असतं, दाब थोडा वाढवून.

दुसरी अडचण लाईनची. दुपारी दोनच्या सुमाराला डॅफच्या टाकीवर वर आलेल्या तेल-गाळाची बोटभर जाड साय धरलेली असायची, पिवळट, वरून जरा सुकत आलेली. आता साय काढायला फळी ओढायची एवढ्यात लाईन जायची. पाच मिनिटांत सायीतली हवा निसटायची आणि तिचे तुकडे होऊन खाली बसू लागायचे. लाईन आली की त्याहून वाईट. दाबाच्या पिंपात पाणी-हवेचं गणित बिघडलेलं असायचं, झडप उघडली की भसाभसा वाटाण्याएवढे बुडबुडे यायचे आणि उरलीसुरली सायही फाडून टाकायचे. आमचा पाण्यावरचा पोरगा म्हणायचा, ‘भाऊ, हे तं पुन्हा घुसळलं!’ पुढची पाऊण तास बाहेर गढूळ पाणी. असं दिवसातून दोनदा, कधी तीनदा. इन्व्हर्टरवर घ्यावं म्हटलं तर तीन एचपीचा पंप आणि वर कॉम्प्रेसर, कोण उचलणार?

करंटची टाकी घेतली ती याच एका वैतागापायी. माझं पाणी तासाला दोन हजार लिटर. शंभर अँपिअरला तासाला साठेक लिटर वायू सुटतो, तेवढा पुरतो. पाच व्होल्टनी गुणलं तर पाचशे वॉट, दुकानात ठेवतात तसा इन्व्हर्टर ते सहज ओढतो. लाईन गेली तरी बुडबुडे चालू, साय जागची हलत नाही. आणि पाच व्होल्टच का? खाऱ्या पाण्यामुळे. गोड्या पाण्यावर करून पाहिलं तेव्हा तेवढ्याच करंटला दुपटीहून जास्त व्होल्ट लागले होते. ज्या बोअरच्या पाण्यानं तूर जळाली, तेच पाणी इथं कामी आलं.

पण खाऱ्या पाण्याची किंमतही इथंच मोजावी लागते. हायड्रोजन सुटतो त्या पत्र्यावर आठ दिवसांत पांढरा, खरखरीत थर चढतो, नखानं न निघणारा. व्होल्ट हळूहळू वाढू लागले की समजायचं. दर सोमवारी पत्रा काढून सौम्य अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा, तासाभराचं काम. करंट उलटा करूनही थर सुटतो, पण त्यानं दुसऱ्या पत्र्यावरचं महागडं लेपन लवकर मरतं, म्हणून मी ते टाळतो. सुरुवातीला साधे लोखंडी पत्रे वापरले होते, पाणी हिरवट आणि मग तांबूस झालं, दोन महिन्यांत पत्र्याची चाळणी. लेप दिलेला टायटॅनियमचाच घ्या, इथं पैसे वाचवू नका. दुसऱ्या पत्र्यावर थोडा क्लोरीनही सुटतो, वास येतो. हायड्रोजन आहे म्हणून शेडला भिंती नाहीत आणि बिडी बंद. बिडीवरून माझं जेवढं भांडण झालं तेवढं पगारावरून झालं नाही.

ज्यांचं पाणी गोडं, लाईन भरवशाची आणि काम मोठं, त्यांनी माझ्या नादी लागू नये, असं मला वाटतं. गोंदियाकडच्या एका राईस मिलवाल्याला मी डॅफच सुचवलं. खारपाणपट्ट्यातल्या, गावच्या फीडरवरच्या छोट्या गिरणीला मात्र मनापासून करंटची टाकी सांगतो.

कोटेशन मागवण्याआधी एक करा. टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या दोन काळ्या कांड्या, बारा व्होल्टची बॅटरी, काचेची बरणी. बरणीत आपलंच पाणी, तुरटी घालून, अंगणात उघड्यावर. वीस मिनिटांत साय धरते का ते दिसेल. आणि तीच बरणी रोज नव्या पाण्यावर चालवली तर चार दिवसांनी ऋण टोकाच्या कांडीवर पांढरं किती चढलं, तेही दिसेल.