विजेवर चालणारे ट्रिम टॅब: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सप्टेंबरात, पावसाळ्यानंतर होडी पाण्यात उतरवण्यापूर्वी, मी माझ्या 24 फुटी फायबरच्या स्पीडबोटीला 12 व्होल्टवर चालणारे ट्रिम टॅब बसवून घेतले. मेअखेरपर्यंत मांडवा, गेटवे आणि अधूनमधून खांदेरी या पट्ट्यात ते वापरले. या काळात ते दोनदा बंद पडले आणि दोन्ही वेळा दुरुस्ती मलाच करावी लागली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण मला आलेल्या अडचणी या रचनेच्या कोणत्याही संचात येऊ शकतात.

होडीच्या मागच्या उभ्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, तळाच्या रेषेत बिजागरीवर बसवलेली स्टेनलेस स्टीलची दोन पाती, आणि प्रत्येक पात्याला खाली ढकलणारा किंवा वर ओढणारा विजेचा अ‍ॅक्च्युएटर, एवढाच हा सरंजाम आहे. पाते खाली गेले की त्याखालून जाणारे पाणी होडीचा मागचा भाग उचलते आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, खाली बसते. पूर्वी चारपाच माणसे मागे बसली की नाळ आकाशाकडे जायची, आणि 17 नॉटच्या खाली वेग आला की होडी पाण्यात रुतल्यासारखी चालायची. आता ती 13 नॉटलाही पाण्यावर तरंगत धावते. दुपारनंतर वायव्येचे वारे सुटते तेव्हा हा फरक पाठीच्या कण्याला चांगलाच कळतो. एकाच बाजूला जड माणसे बसल्यामुळे होडी कलली, तर फक्त एक पाते हलवून ती सरळ करता येते. मात्र लाटा मागून येत असतील तेव्हा पाती पूर्ण वर घ्यावीत, नाहीतर नाळ लाटेत खुपसते आणि होडी भलतीकडे वळू पाहते.

बिघाड शोधण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे, आणि ती मला माझी अर्धी सकाळ वाया गेल्यावर समजली. डावे बटण दाबले की उजवे पाते हलते. ही जोडणीतील चूक नव्हे. बटणे नाळेच्या हिशेबाने लावलेली असतात: उजवे पाते खाली गेले की मागची उजवी बाजू उचलली जाते आणि नाळेची डावी बाजू खाली बसते. जानेवारीत डावे बटण दाबूनही काहीच होईना, तेव्हा मी डाव्या पात्याच्या तारा उपटत बसलो होतो, आणि ते बिचारे ठणठणीत होते.

खरा दोष उजवीकडे होता. अ‍ॅक्च्युएटरला दोनच तारा असतात; धन आणि ऋण टोके उलटसुलट केली की तो बाहेर येतो किंवा आत जातो. त्यामुळे पहिली चाचणी सोपी असते. कंट्रोल बॉक्सपाशी दोन्ही अ‍ॅक्च्युएटरच्या जोडण्यांची अदलाबदल करून पाहावी. बंद असलेले पाते आता दुसऱ्या बटणानेही हलत नसेल तर दोष त्याच्या तारेत किंवा अ‍ॅक्च्युएटरमध्ये आहे; तेच पाते हलू लागले आणि चांगले पाते थांबले तर कंट्रोल बॉक्स किंवा बटण तपासावे. माझे पाते हलले नाही. त्याचा अ‍ॅक्च्युएटर थेट बॅटरीला जोडला तेव्हा तो विनातक्रार चालला, म्हणजे दोष तारेत होता.

गंमत अशी की त्या तारेच्या टोकाला मीटर 12.3 व्होल्ट दाखवत होता. मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नसल्यामुळे सडलेल्या जोडणीतूनही पूर्ण व्होल्टेज दिसते. मग मी गाडीच्या हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब त्या टोकाला जोडला. तो विझत चाललेल्या निखाऱ्यासारखा तांबूस पेटला आणि मीटरचा आकडा 6.8 वर उतरला. तारेचा माग काढत गेलो तर तळात पाणी साचते तिथे, पंपाच्या बाजूला, बसवणाऱ्याने साधा प्लास्टिकचा जोड दाबून ठेवलेला सापडला. तो कापला तेव्हा आतून हिरवी भुकटी सांडली. चकचकीत तांबे लागेपर्यंत तार सोलत गेलो, तेव्हा चार इंच कापावे लागले. त्यानंतर कथिलाचा मुलामा असलेली नवी तार, आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी, आणि जोड पाण्यापासून फूटभर वर, असे केल्यावर ती तक्रार आजतागायत आलेली नाही. खर्च किरकोळ झाला. त्याआधी विक्रेत्याने मला फोनवरच नवा अ‍ॅक्च्युएटर घ्यायला सांगितले होते.

एप्रिलमधला बिघाड मात्र माझ्याच हलगर्जीपणाचा होता. तीन आठवडे होडी खाडीत नांगरून ठेवली आणि डावे पाते खाली सोडलेले राहिले. अ‍ॅक्च्युएटरच्या बाहेर राहिलेल्या दांड्यावर बार्नेकलचे, म्हणजे चिकटून वाढणाऱ्या कवचाच्या समुद्री जीवांचे, थर चढले आणि पाते वर घेताना त्यांच्या धारदार कडांनी अ‍ॅक्च्युएटरच्या तोंडाचे सील कापले. आत खारे पाणी शिरले. प्रथम घरघर ऐकू आली, मग 20 अँपिअरचा फ्यूज उडाला. अमावस्येच्या उधाणात आमच्या खाडीत सकाळी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते आणि होडी चिखलावर टेकते, तेव्हा अ‍ॅक्च्युएटर काढून घरी आणला. तो उघडण्यासाठी बनवलेला नसतो. तरी मी उघडला, गंज पुसला, ग्रीस भरले आणि तो आठ दिवस चालला. त्या आठ दिवसांच्या समाधानासाठी दोन रविवार गेले, म्हणून कोणालाही सुचवणार नाही.

नवा बसवताना जुन्या तारेच्या टोकाला सुतळी बांधून मगच ती ओढून काढावी, म्हणजे नवी तार त्याच वाटेने आत येते. तार जाते त्या ट्रान्सममधल्या भोकाच्या कडेचे, फायबरच्या आतले प्लायवूड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावे. माझे कोरडे निघाले, पण ओले असेल तर आधी वाळवून इपॉक्सीने बंद करणे भाग आहे. सीलंट कायमचे चिकटणारे वापरू नये, कारण हा भाग पुन्हा काढावा लागणार हे गृहीत धरलेले बरे.

सुट्या भागांबाबत मी नाराज आहे. हा अ‍ॅक्च्युएटर बाहेरून मागवावा लागला आणि येईपर्यंत पाच आठवडे मी एकाच पात्यावर होडी चालवली. बटणांशेजारचे दिवेही भरवशाचे नाहीत. जानेवारीत पाते जागचे हलले नव्हते तरी माझ्या संचातील दिवे ते पूर्ण खाली गेल्याचे दाखवत होते. असे असूनही मी हे टॅब काढणार नाही. होडी आता पावसाळ्यासाठी वर काढली आहे, पाती वर घेतलेली आहेत, पात्यांऐवजी स्वतः गंजून झिजणारे जस्ताचे तुकडे बदलले आहेत, पात्यांना शेवाळरोधक रंग दिला आहे, दांड्यांना नाही, कारण त्या रंगाचे खवलेही सील खरवडतात. एक जादा अ‍ॅक्च्युएटर आताच मागवून ठेवला आहे.