बाड गास्टाइन की लॉयकरबाड?

वहिनींनी विचारलंय, आल्प्समधल्या गरम पाण्याच्या गावी जायचं तर ऑस्ट्रियातलं बाड गास्टाइन की स्वित्झर्लंडमधलं लॉयकरबाड?

खर्चात बाड गास्टाइन सरळ जिंकतं. स्विस फ्रँकमध्ये साधा चहा घेतानाही हात आखडतो.

पोहोचायलाही तेच सोपं. साल्झबुर्गहून रेल्वेने दीडेक तास, आणि स्टेशनसमोरच फेल्सनथेर्म हे गरम पाण्याचं स्नानगृह. लॉयकरबाडला लॉयक स्टेशनवर उतरून घाटाची बस, साधारण अर्धा तास. बस लागणाऱ्यांनी आवळा-सुपारी ठेवावी.

इतिहासाचं म्हणाल तर १८६५ चा प्रशिया-ऑस्ट्रिया करार गास्टाइनचाच. गावाच्या मधोमध धबधबा कोसळतो, जुन्या उंच हॉटेलांच्या भिंती तुषारांनी ओल्या. पण गाव म्हणजे नुसता चढ-उतार, गुडघेवाल्यांचा घामच निघतो. शिवाय पाण्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो, तेव्हा गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

लॉयकरबाडचा झरा ५१ अंशांचा; थंड करूनच तलावात सोडतात. उघड्यावर गरम पाण्यात बसून समोर गेमीचा कडा बघायचा. वर जायला केबलकार आहे.

जुनी शान आणि बेताचं बजेट असेल तर गास्टाइन. नुसतं डुंबायचं, डोंगर बघायचे आणि स्विस ट्रॅव्हल पास (तिथल्या रेल्वे-बसचा पर्यटक पास) आधीच काढलेला असेल, तर लॉयकरबाड.