तीन-चारशेचा नोडएमसीयू: वायफाय कॅमेऱ्यांची परीक्षा घेण्यापुरता उत्तम

पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत नोडएमसीयू (वायफाय असलेला, प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड) मागितला की अरुंद आणि रुंद असे दोन प्रकार मिळतात. अरुंद घ्या. रुंदवाला ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता वायरी जोडायची पट्टी) दोन्हीकडची भोकं झाकून टाकतो, मग वायर खोचायची कुठे? केबल डेटावालीच हवी. नुसती चार्जिंगची असेल तर लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही आणि आपण उगाच ड्रायव्हर सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

माझं काम दुकानांत, सोसायट्यांत कॅमेरे आणि नेटवर्क बसवायचं. या बोर्डातल्या ईएसपी८२६६ चिपवर 'स्पेसहून'चं डीऑथर (वायफाय जोडणी तोडायचे निरोप धाडणारं सॉफ्टवेअर) टाकून मी एवढंच तपासतो, की मालकाचा वायफाय कॅमेरा बाहेरून कोणाला नेटवर्कवरून पाडता येतो का. बऱ्याचदा येतो. मालक चक्रावतात, "अहो, पासवर्ड केवढा मोठा ठेवलाय!" पण पासवर्डचा इथे संबंधच नाही. साध्या डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीमध्ये 'जोडणी तोडा' हा निरोप खरंच राउटरने धाडलाय का, हे कॅमेरा तपासतच नाही. यावरचा उपाय, पीएमएफ (असे निरोप खरे आहेत का ते तपासायची सोय), २००९ च्या ८०२.११डब्ल्यू मानकापासून आहे. नव्या डब्ल्यूपीए३ मध्ये तर तो सक्तीचाच. राउटरमध्ये तो चालू करून बघा. जुना कॅमेरा जोडला जायलाच नकार देत असेल तर तो बदलायचा, नाहीतर वायर ओढायची. गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याला मी वायरच सुचवतो.

बोर्डाची मर्यादा मोठी आहे: फक्त २.४ गिगाहर्ट्झ. ५ वर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याच्या पुढचा साधा ईएसपी३२ सुद्धा तिथे आंधळाच. ५ हवं तर ईएसपी३२-सी५ बघा. तरी मॅराउडर हे वायफाय तपासायचं सॉफ्टवेअर टाकलेला, स्क्रीन आणि मेमरी कार्डवाला ईएसपी३२ मला जास्त आवडतो. पकडलेली पॅकेट्स (वायफायवरून जाणारे डेटाचे तुकडे) कार्डावर राहतात, घरी येऊन वायरशार्क या लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये शांतपणे बघता येतात. शिकणाऱ्याने मात्र ईएसपी८२६६ वरच हात बसवावा.

तपासणीआधी मालकाची परवानगी लेखीच घ्या. शेजाऱ्याचं वायफाय मुद्दाम पाडलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ लागू शकतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'गंमत केली' हे पोलिसांना पटत नाही.

आणि पॉवर बँक जुनी, साधी घ्या. बोर्ड इतका कमी करंट ओढतो की हुशार पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून मध्येच बंद होतात.