दहा मीटर एचडीएमआय केबल : तांब्याची आणि फायबरची, दोन्ही वापरून

आधी सांगतो, टीव्ही अधूनमधून काळा पडतोय म्हणून कुणी 'मेन बोर्ड गेलाय' असं सांगितलं, तर लगेच पैसे काढू नका. पहिल्यांदा केबल बदलून बघा.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागला. ५५ इंची फोर-के टीव्ही भिंतीवर आहे. सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंगचा डबा आणि आप्पांचा जुना डीव्हीडी प्लेअर मात्र समोरच्या कपाटात, त्यांच्या दिवाणाशेजारी. त्यांना उठबस नको म्हणून ही मांडणी, आणि ती बदलणार नाही. त्यामुळे डब्यातलं चित्र आणि आवाज टीव्हीपर्यंत नेणारी एचडीएमआय केबल दहा मीटर लागते.

पेठेतून तांब्याची घेतली. खोक्यावर 'फोर-के', '२.०', सोन्याचा मुलामा, सगळं छापलेलं. पहिले काही आठवडे बरे गेले. मग ऐन आयपीएलमध्ये, शेवटच्या षटकात, स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी. नंतर काळ्या दृश्यांत पांढरे ठिपके चमकायला लागले. सर्व्हिसवाला आला, पाच मिनिटं बघितलं आणि बोर्डाचा जो आकडा सांगितला त्यात दुसरा टीव्ही आला असता. मी शेजाऱ्यांची छोटी केबल आणली, डबा टीव्हीखाली स्टुलावर ठेवला, संध्याकाळभर चालवला. एकदाही डोळा मिटला नाही टीव्हीनं. हे फोनवर सांगितलं तरी व्हिजिट चार्ज परत मिळाला नाही. दुकानदारानंही 'खोकं फाडलंय' म्हणून केबल परत घेतली नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

कारण साधं आहे. फुल एचडी ६० फ्रेमला (सेकंदाला ६० चित्रं) सुमारे साडेचार जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे गिगाबिट, लागतात, फोर-के ६० फ्रेमला पूर्ण रंगांसकट जवळपास १८. तांब्यात जेवढी लांबी तेवढा सिग्नल क्षीण होतो, म्हणून दीड मीटरला जे सहज जमतं ते दहा मीटरला धापा टाकत होतं. आणि डिजिटल सिग्नल जुन्या अँटेनासारखा हळूहळू मुंग्या दाखवत नाही. चित्र एकतर चोख, नाहीतर ठिपके आणि काळोख. महाग केबलनं रंग खुलतात, हे विकणाऱ्याचं बोलणं. सोन्याचा मुलामा गंज थांबवतो, चित्र सुधारत नाही. '२.०' हा आकडाही केबलवर छापायचा नसतो, तो उपकरणांचा. केबलवर बघायचं ते प्रीमियम हायस्पीड (१८ जीबीपीएस) किंवा अल्ट्रा हायस्पीड (४८ जीबीपीएस) हे स्कॅन होणारं लेबल.

मग मी डब्याचं सेटिंग १०८०पी, म्हणजे फुल एचडी, केलं. ठिपके बंद, खर्च शून्य. डीटीएचवरचे बहुतेक चॅनेल तसेही फार तर एचडी असतात, आप्पांना काडीचा फरक कळला नाही. तेव्हा माझं ठाम मत होतं की फायबर केबल (तांब्याऐवजी काचेच्या तंतूतून प्रकाशानं सिग्नल नेणारी) म्हणजे उधळपट्टी.

हे मत भिंतीमुळे बदललं. तांब्याची केबल बोटाएवढी जाड, तिचं डोकं दोन सेंटिमीटर रुंद, आणि घर बांधताना टाकलेला पाईप पाऊण इंची, फक्त डिशच्या वायरीपुरता. डोकं त्यात शिरतच नाही. म्हणून केबल दारावरून पट्टीतून फिरवलेली, कोपऱ्यात वळत नाही म्हणून फुगलेली, जाता-येता डोळ्यांत खुपायची. सुटं डोकं असलेली ऑप्टिकल, म्हणजे फायबरचीच, केबल मिळते, हे कळल्यावर तीन हजारांच्या आसपास मोजले. तिचं टोक मायक्रो एचडीएमआयचं, करंगळीपेक्षा बारीक. पाईपात स्प्रिंग घालून वायरमननं ओढली आणि टीव्हीमागून सरळ बाहेर आली. पट्टी काढून भिंत रंगवली, तेव्हा बायको म्हणाली, "हे आधीच का नाही केलं?"

तेव्हापासून फोर-के ६० फ्रेम अखंड. टीव्हीच्या मेन्यूत त्या पोर्टचं एन्हान्स्ड फॉरमॅट चालू करावं लागलं, नाहीतर पूर्ण रंग येत नाहीत. ही केबल एकाच दिशेनं चालते: 'सोर्स' लिहिलेलं टोक डब्याला, 'डिस्प्ले' टीव्हीला. उलटी लावली तर चित्रच नाही. घडी घालून दाबायची नाही, आत काच आहे. साउंडबार असेल तर एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच साउंडबारला परत नेणारी सोय) चालतं का ते घेण्याआधी विचारा, सगळ्यांत चालत नाही.

डीव्हीडी प्लेअरचा प्रश्न वेगळा. त्याच्या मागे लाल-हिरव्या-निळ्या तीन वायरींचा कंपोनंट जोड आहे, तो पिवळ्या वायरीपेक्षा स्पष्ट दिसतो, पण आमच्या टीव्हीला ती भोकंच नाहीत. हेडफोनसारखं एकच एव्ही भोक आहे, आणि त्याच्या ॲडॅप्टरची जोडणी कंपनीगणिक वेगळी. बाजारातला लावला तर चित्र येत नव्हतं, टीव्हीच्या खोक्यातला लावल्यावर आलं. तो ॲडॅप्टर टाकू नका.

भावाचं घर आता मिरजेत बांधून होतंय. गिलाव्याच्या आधी मी स्वतः जाऊन टीव्हीसाठी दीड इंची पाईप टाकून घेतला, काटकोनी एल्बो न लावता लांब वळण देऊन. वायरमन म्हणत होता, एवढा मोठा कशाला. मी तिथंच उभा राहिलो.