मूत्रपिंडाच्या अभ्यासासाठी लघवी: चोवीस तासांचा कॅन की सकाळची डबी?

लघवीतून प्रथिनं किती गळतात हे मोजायला कागदावर चोवीस तासांची लघवी सरस. प्रत्यक्षात हडपसरहून हिंजवडीला नोकरीला जाणारा माणूस पाच लिटरचा कॅन बसमध्ये नेत नाही. ऑफिसातली एक-दोन वेळची लघवी वाया जाते आणि प्रथिनं खोटी कमी दिसतात. पद्धत अशी: सकाळची पहिली लघवी टाकून वेळ लिहायची, नंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची धरून. कॅन थंड जागी, एप्रिलमध्ये तर फ्रिजमध्येच. संकलन पुरं झालं का, हे क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होऊन लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) सांगतं. तरुण पुरुषात दिवसाला किलोमागे साधारण 20 ते 25 मिलिग्रॅम, बाईत 15 ते 20. साठ किलोच्या गड्याचं 700 आलं, तर नमुना बाद.

डबीत सकाळची पहिली, मधल्या धारेची लघवी पुरते. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ठीक. 300 च्या वर म्हणजे गळती जास्त. मात्र आदल्या दिवशी सिंहगड चढलेला, ताप आलेला किंवा मूत्रसंसर्ग झालेला रुग्ण नको, पाळीतही नको. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढीव आले तरच खरं मानावं. हडकुळ्या माणसात क्रिएटिनिन कमी, म्हणून गुणोत्तर फुगतं; पैलवानात उलट.

मोठ्या औषधचाचण्यांना डबीच सोयीची: 2020 च्या डापा-सीकेडी या डापाग्लिफ्लोझिन औषधाच्या मूत्रपिंड-चाचणीत 200 ते 5000 गुणोत्तराचे रुग्ण निवडले होते. कॅन राखावा तो अतिकृश रुग्णांसाठी, किंवा आहारातलं मीठही मोजायचं असेल तेव्हा.